‘खाली पाणी आहे ना, मग काळजी नाही’: पुरलेल्या लाकडावर लक्ष ठेवताना या चुका टाळा

१८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना गाळाखाली शेकडो झाडांचे बुंधे निघाले. बहुतेक खैराचे, त्यातले बरेच मुळांवर उभेच. पाण्याने भिजलेल्या त्या चिकणमातीत ऑक्सिजन पोचत नव्हता, म्हणून ते टिकले. बिया, कातडं, दोर यांचंही तसंच. असे अवशेष न उकरता जागेवरच राखायचे ठरले, की आपण बोअर मारून भूजल मोजायला लागतो. घोळ तिथून सुरू होतो.

पहिली चूक माझीच. फोर्टातल्या एका प्लॉटवर मी रोज सकाळी दहाला टेप सोडून पातळी लिहायचो. पंधरवड्यात ती हळूहळू उतरली आणि पुन्हा चढली. खापर फोडलं शेजारच्या बेसमेंटच्या पंपावर. अहवालसुद्धा लिहायला घेतला होता! भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. घड्याळाच्या एकाच ठोक्याला मोजलं की रोज तिचा वेगळा टप्पा हाती लागतो. ससून डॉकवरच्या कुणाही कोळ्याने हे मला दोन मिनिटांत सांगितलं असतं. आता डेटा लॉगर दर पंधरा मिनिटांनी नोंद घेतो, सोबत हवेच्या दाबाचा लॉगरही असतो. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) दोन्ही पाहिल्याशिवाय मी पंपाचं नाव काढत नाही.

ऑगस्टचं रीडिंग बघून खूश होऊ नका. खरी परीक्षा मे महिन्यात. पूर्ण वर्षाची नोंद हवीच.

बोअर करतानाही गफलत होते. पाइपला वरपासून खालपर्यंत भोकं पाडली तर सगळ्या थरांचं पाणी एकत्र येतं. भोकं फक्त अवशेषांच्या थरासमोर ठेवा आणि वर बेंटोनाइटने, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या मातीने, घट्ट बंद करा. नाहीतर पावसाचं ताजं, ऑक्सिजनवालं पाणी पाइपच्या कडेने थेट लाकडापर्यंत जातं. म्हणजे राखणदारानेच दार उघडायचं!

रेडॉक्सचा, म्हणजे जमिनीत ऑक्सिजनचा शिरकाव आहे का हे सुचवणारा, आकडा मीटरवर दिसतो तसाच उतरवू नका. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड असेल तर त्यात सुमारे २०० मिलिव्होल्ट मिळवावे लागतात. विसरलात तर जमीन आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटते. नमुना बादलीत ओतून मोजणं तर त्याहून वाईट, कारण ओततानाच हवा मिसळते.

बाहेर काढलेला काळा गाळ एकदा टेबलावर ठेवून बघा. आधी कुजक्या अंड्याचा वास, संध्याकाळपर्यंत कडा तपकिरी. पातळी उतरली की जमिनीतही हेच होतं, आणि गाळातल्या पायराइटचं सल्फ्युरिक आम्ल बनतं. इंग्लंडमधल्या स्टार कार या अश्मयुगीन स्थळी आसपासच्या निचऱ्यानंतर काही हाडं जेलीसारखी मऊ झाली.

शेवटची चूक सगळेच करतात: पाणी मोजायचं, लाकूड कधीच नाही. त्याच खोलीवर ताज्या लाकडाचे तुकडे पुरा, ठरावीक वर्षांनी एकेक काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आणि पातळी किती खाली गेली की पंप थांबवायचा, तो कोण थांबवणार, हे आधीच लेखी ठरवा. नॉर्वेत बर्गनच्या ब्रिगेनमध्ये भूजल उतरून जुनी लाकडी घरं खचायला लागली, तेव्हा पावसाचं पाणी पुन्हा जमिनीत मुरवावं लागलं. मी आता पंप थांबवणाऱ्या माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर बोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवतो.