पिंपळपानाचा प्लास्टरमधला ठसा

शाडूच्या मातीची बोटभर जाडीची पोळी लाटून तिच्यावर पिंपळाचे ताजे पान, शिरांची उठावदार बाजू खाली येईल असे, मुलांकडून लाटण्याने दाबून घ्यावे आणि पान अलगद उचलून ठशाभोवती जाड पुठ्ठ्याची पट्टी रोवावी. १ वाटी पाण्यात साधारण २ वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस भुरभुरवावे. हे काम मोठ्यांनीच करावे, कारण भुकटी श्वासात जाऊ नये आणि घट्ट होताना प्लास्टर इतके तापते की त्यात हात बुडवून ठेवल्यास भाजू शकते. मिश्रण लगेच ओतावे. अर्ध्या तासाने माती सोलावी. रंग मात्र ठसा पुरता वाळल्यावर, एक-दोन दिवसांनी द्यावा (मुलांची खरी परीक्षा इथेच असते). उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये, नळी तुंबते.