वॉर्डातल्या ग्लुकोमीटरचं रीडिंग उलटसुलट येत होतं, त्याचं काय केलं

एकाच पेशंटची शुगर लागोपाठ दोनदा बघितली तरी आकडे भलतेच वेगळे, सगळे म्हणाले मशीन गेलं, नवीन मागवा. मी आधी कंट्रोल सोल्युशनचा (मशीन आणि स्ट्रिप तपासायचं ठरावीक साखरेचं द्रावण) थेंब स्ट्रिपला लावून बघितला तर रीडिंग स्ट्रिपच्या डबीवर छापलेल्या रेंजच्या बाहेर, मग नवी डबी फोडून तेच केलं तर बरोब्बर रेंजमध्ये! म्हणजे मशीन ठणठणीत, राउंडच्या घाईत डबीचं झाकण उघडं राहायचं आणि दमट हवेने स्ट्रिप्स वाया. आता डबी, सोल्युशन दोन्हीवर उघडल्याची तारीख टाकतो. स्पिरिट वाळल्यावरच बोट टोचायचं. प्रत्येक पेशंटनंतर जंतुनाशक वाइपने मीटर पुसायचा, पण वाइप पिळून घ्या हं, स्ट्रिपच्या खाचेत ओल गेली तर मशीन खरंच जाईल.