रायडिंग क्लबची टेस्ट देताय? मार्क घोड्यावर बसायच्या आधीच जातात, या चुका टाळा

ठाण्यात आमच्याकडे टेस्ट जवळ आली की मुलं आणि त्यांचे आईवडील एकच विचारतात, कँटर (घोड्याची मध्यम वेगाची दौड) नीट होईल ना? पण घोडं पेंड खातं ते तिथे नाहीच. मी गेली काही वर्षं परीक्षकाच्या शेजारी बसून मार्क लिहायचं काम करते, आणि चांगलं रायडिंग करणारी मुलं जमिनीवर उभी असतानाच मार्क घालवताना बघितली की खरंच जीव तुटतो.

कारण साधं आहे, रोज साईसकाका घोडा खरारा करून, सॅडल बांधून तयार देतात आणि आपण फक्त बसतो. मग टेस्टला खूर साफ करायला सांगितलं की हात अडतो. हूफ पिक, म्हणजे खूर साफ करायचा आकडा, टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवायचा, मधल्या व्ही आकाराच्या मऊ भागाला म्हणजे फ्रॉगला टोचायचं नाही, एवढं बहुतेकांना पाठ असतं. मागच्या जुलैमधे एका मुलीने चारही खूर पटापट साफ केले, अगदी हुशार मुलगी, आणि परीक्षकांनी विचारलं, "वास घेतलास का?" ती गप्प. मागच्या उजव्या खुरात फ्रॉगच्या खाचेत काळपट चिकट घाण होती आणि सडका वास येत होता, म्हणजे थ्रश, फ्रॉग सडवणारा संसर्ग. आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यातलं गवत-भुसा ओलाच राहतो, तेव्हा हे रोज बघायला हवं, टेस्ट असो नसो.

थिअरीचंही तसंच. मोठ्या घोड्याची नाडी आरामात असताना मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ डिग्री सेल्सियस, हे सगळे घडाघडा म्हणतात, पण "नाडी बघून दाखव" म्हटलं की गडबड. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला धमनी बोटांनी चाचपायची, १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. आठवडाभर रोज एकदा केलंत तर बोटांना जागा आपोआप कळते.

तंग, म्हणजे सॅडलचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका. थोडा आवळा, घोडा चार पावलं चालवा, परत बघा, मग चढा.

आता वर्तुळ, इथे सगळ्यात जास्त मार्क जातात म्हणून जरा नीट सांगते. २० बाय ४० मीटरच्या अरीनामधे, म्हणजे कडेला अक्षरांच्या खुणा असलेल्या रायडिंगच्या मैदानात, आखूड बाजूच्या मधोमध असलेल्या 'ए' पासून २० मीटरचं वर्तुळ मारायचं तर ते लांब बाजूला कोपऱ्यापासून १० मीटरवर टेकतं. लांब बाजूंवरची 'के' आणि 'एफ' ही अक्षरं कोपऱ्यापासून ६ मीटरवर असतात, म्हणजे वर्तुळ त्या अक्षराच्या ४ मीटर पुढे टेकतं. बहुतेक जण अक्षर दिसलं की तिकडेच घोडा नेतात, कोपऱ्यात शिरतात आणि वर्तुळाचा बटाटा होतो. मधल्या रेषेवर हे वर्तुळ 'एक्स'वर, म्हणजे अरीनाच्या बरोबर मध्यावर येतं, पण फक्त ४० च्या अरीनामधे! ६० मीटरच्या अरीनात 'एक्स' ३० मीटरवर असतो, तिथे जुन्या सवयीने 'एक्स' गाठलात तर वर्तुळ लांबट झालंच. तिथे लांब बाजूंवर 'व्ही' आणि 'पी' कोपऱ्यापासून १८ मीटरवर असतात, त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या २ मीटर पुढे मधली रेषा ओलांडायची. रविवारी टेप घेऊन 'ए', दोन्ही लांब बाजू आणि मधली रेषा या चार जागांवर फक्कीने खुणा करा आणि आधी स्वतः पायी चालून बघा, मग घोड्यावरून.

ट्रॉटमधे, म्हणजे दुडक्या चालीत, डायगोनल (कोणत्या पावलाला उठायचं ते) बघायला मान खाली घालू नका, बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचं, ते नजरेच्या कडेतून दिसतं.

ज्यांना पुढे जज किंवा स्टुअर्ड (स्पर्धेत नियम पाळले जातायत ना ते बघणारा) व्हायचंय त्यांच्या चुका वेगळ्या. शिकाऊ जज घाबरून सगळ्यांना ६ आणि ६.५ वाटतात. ० ते १० ची स्केल पूर्ण वापरायलाच दिलेली आहे, ५ म्हणजे जेमतेम आणि ४ म्हणजे अपुरं, तसं दिसलं तर तसं द्या. स्टुअर्डचं शिकणारे अजून "दोन बोटं जातायत ना" म्हणून नोजबँड, म्हणजे घोड्याच्या नाकावरचा पट्टा, न मोजताच सोडून देतात, पण कोणाची बोटं जाड, कोणाची बारीक, म्हणूनच एफईआयने (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने) २०२५ पासून मोजायचं साधन आणलं, नाकाच्या हाडावर १.५ सेंटिमीटर जागा हवी. आणि जजच्या मार्काबरोबर शेरा जुळला पाहिजे. ५ देऊन नुसतं "छान प्रयत्न" लिहिलं तर त्या पोराला कळणार कसं? "कोपऱ्यात शिरला, वर्तुळ लांबट" असं लिहा, म्हणजे घरी शीट वाचून पुढच्या वेळी फक्की कुठे टाकायची ते त्याला समजेल.