परदेशच्या पैशाने गावातली दरी वाढली की घटली, कसं तपासायचं

कॉलेजच्या प्रोजेक्टला हा विषय घेतला असेल तर वर्ल्ड बँकेचा आकडा (2024 मध्ये परदेशात गेलेल्यांनी भारतात साधारण 129 अब्ज डॉलर पाठवले) चिकटवून मोकळे होऊ नका, पैसा कोणाच्या घरात गेला ते त्यात दिसतच नाही.

आधी कोण जातं ते बघा. ऐरोलीच्या आयटी कंपनीतून अमेरिकेला जाणारा बहुतेक वेळा आधीच बऱ्या घरचा असतो, इंजिनीअरिंगची फी भरणाऱ्यातला. आखातात जाणारा वेल्डर, एसी मेकॅनिक वेगळ्या घरातला. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या सर्व्हेत आलेल्या पैशात अमेरिकेचा वाटा जवळपास 28 टक्के आणि यूएईचा 19, आखाताचा एकूण वाटा घसरत चाललाय, मला तरी ही वाढत्या दरीचीच खूण वाटते.

मग जायला किती लागले ते विचारा. एजंटला कायद्याने 30 हजार अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, पण प्रत्यक्षात किती दिले आणि कुठून आणले, सोनं गहाण टाकून की व्याजाने, की आधीच दुबईत असलेल्या मामाने व्हिसाचं बघितलं? हा मामा फार महत्त्वाचा. 1986 मध्ये मेक्सिकोतल्या दोन गावांवर स्टार्क, टेलर आणि यित्झाकी यांचा अभ्यास आला होता, त्यातून हेच निघालं की जाण्याची वाट किती घरांपर्यंत पोचलीय त्यावर सगळं ठरतं. सुरुवातीला ऐपतवाले जातात तेव्हा दरी वाढते, पुढे ओळखीपाळखीने गरिबाचा पोरगाही गेला की कमी व्हायला लागते.

आता एक्सेल. घरांच्या उत्पन्नाचा जिनी गुणांक (दरीचं माप, 0 म्हणजे सगळे सारखे, 1 म्हणजे सगळं एकाकडे) दोनदा काढा, पैशासकट आणि पैशाशिवाय. इथे सगळे फसतात, पाठवलेले पैसे नुसते वजा करतात. अरे, तो इथे राहिला असता तर तळोजा एमआयडीसीत काहीतरी कमावलंच असतं ना, तो अंदाजे पगार त्या घरात धरा, नाहीतर ते घर उगाच भिकेला लागलेलं दिसतं.

गेलेच नाहीत त्यांनाही धरा. माणसं कमी झाली की लावणीची मजुरी वाढते, मजुराचा फायदा, पण बाहेरून आलेल्या पैशाने गुंठ्याचा भावही चढतो आणि बिनजमिनीवाला कायमचा बाहेर राहतो.

कुलूपबंद घरं सोडू नका, आख्खं कुटुंब गेलं की पैसे येणं आटतं पण जमीन त्यांच्याच नावावर राहते, सातबारा महाभूलेखवर बघायला मिळतो.