एसईलिनक्सचे धोरण कसे सांभाळावे

लिनक्सवरील नेहमीची परवानगी-व्यवस्था फाईलच्या मालकाच्या मर्जीवर चालते आणि रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला, तर ती बहुतेक वेळा अडवतच नाही. अनिवार्य प्रवेश-नियंत्रणात हा अधिकार मालकाकडे राहत नाही. कोणत्या सेवेने कोणत्या फाईलला, पोर्टला किंवा प्रक्रियेला हात लावायचा हे कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, भरलेले धोरण ठरवते आणि सेवा रूट म्हणून चालत असली तरी तिला ते पाळावे लागते. एसईलिनक्स ही अशीच व्यवस्था आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली खुले केलेले एसईलिनक्स २००३ मध्ये कर्नलच्या २.६ शाखेत दाखल झाले. आज फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, अल्मा आणि रॉकी या लिनक्स वितरणांवर ते मुळातच चालू असते. तरीही सेवा अडली की ‘आधी एसईलिनक्स बंद करा’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. बहुतेक अडथळे एका कमांडने दूर होण्याजोगे असल्यामुळे हा सल्ला मानण्याचे काही कारण नाही. (पुढे कमांडची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती मूळ लिपीतच लिहावीत.)

१. स्थिती पाहणे

‘सेस्टेटस’ चालवून व्यवस्था ‘एन्फोर्सिंग’मध्ये आहे की ‘परमिसिव्ह’मध्ये, हे पाहावे. पहिल्या स्थितीत धोरणाबाहेरची कृती अडवली जाते; दुसऱ्या स्थितीत नकार फक्त नोंदवला जातो, प्रत्यक्ष अडवणूक होत नाही. सर्व्हरवर एसईलिनक्स बराच काळ पूर्ण बंद राहिले असेल, तर त्या काळात तयार झालेल्या फाईलींवर लेबले (धोरण ज्यावरून फाईल किंवा प्रक्रिया ओळखते त्या खुणा) नसतात आणि एकदम एन्फोर्सिंग केल्यास यंत्र सुरू होतानाच अडकू शकते. म्हणून आधी परमिसिव्ह करावे, ‘फिक्सफाइल्स’ला मोठा ‘एफ’ पर्याय व ‘ऑनबूट’ हा शब्द देऊन यंत्र पुन्हा सुरू करावे, सर्व फाईलींना लेबले लागू द्यावीत आणि त्यानंतरच एन्फोर्सिंगकडे वळावे.

२. नकार वाचणे

सेवा अडली की ‘एयूसर्च’ कमांडला ‘एव्हीसी’ हा एसईलिनक्सच्या नकारांचा संदेशप्रकार आणि ‘रीसेंट’ ही वेळ देऊन ताजे नकार काढावेत. प्रत्येक ओळीत चार गोष्टी शोधाव्यात: महिरपी कंसातली कृती, ती करू पाहणाऱ्या प्रक्रियेचे लेबल, ज्यावर ती करायची आहे त्याचे लेबल आणि त्या वस्तूचा वर्ग, म्हणजे फाईल, डिरेक्टरी की सॉकेट. कधी सेवा चालत नाही आणि नोंदही सापडत नाही. धोरणातील काही नकार मुद्दाम नोंदवले जात नाहीत, हे त्यामागचे एक कारण असू शकते. ‘सेमॉड्यूल’ला मोठा ‘डी’ व मोठा ‘बी’ दिल्यास ते दिसू लागतात आणि तपास संपल्यावर नुसता मोठा ‘बी’ देऊन पूर्वस्थिती आणता येते.

३. लेबल, पोर्ट, बूलियन: याच क्रमाने

बहुतेक नकारांत धोरण बरोबर असते आणि लेबल चुकलेले असते. ‘एमव्ही’ने हलवलेली फाईल आपले जुने लेबल सोबत नेते, तर ‘सीपी’ने केलेली साधी प्रत सहसा नव्या डिरेक्टरीचे लेबल घेते. त्यामुळे घरच्या डिरेक्टरीतून वेबसाइटच्या डिरेक्टरीत हलवलेले पान एनजिनएक्स या वेब सर्व्हरला उघडता येत नाही. अशा वेळी ‘रिस्टोरकॉन’ला मोठा ‘आर’ व लहान ‘व्ही’ देऊन तो मार्ग सांगितला की काम होते. ‘सीएचकॉन’ने हाताने लावलेले लेबल मात्र धोरणात नोंदले जात नाही आणि पुढच्या लेबलिंगमध्ये पुसले जाते. प्रयोगाला ते ठीक आहे, उपाय म्हणून नाही.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचा डेटा नव्या डिस्कवर नेणे हे याचे चांगले उदाहरण आहे. मालक आणि परवानग्या नीट असूनही सेवा सुरू होत नाही, कारण नव्या मार्गावर ‘डिफॉल्ट_टी’ किंवा ‘अनलेबल्ड_टी’ हे सर्वसाधारण लेबल लागलेले असते. येथे एकेका उपडिरेक्टरीसाठी नियम लिहीत बसू नये. ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ला लहान ‘ए’ व लहान ‘ई’ देऊन आधी जुना आणि मग नवा मार्ग लिहिला, की नव्या मार्गाला जुन्यासारखेच मानावे अशी नोंद होते. त्यानंतर ‘रिस्टोरकॉन’ चालवावे.

लेबल ठीक असेल तर पोर्ट तपासावा. वेब सर्व्हर ८०९० वर ऐकवायचा असेल, तर ‘सेमॅनेज पोर्ट’ने तो क्रमांक ‘एचटीटीपी_पोर्ट_टी’ या वेब पोर्टच्या लेबलामध्ये घालावा. त्यानंतर बूलियन, म्हणजे धोरणातील चालू-बंद करता येणारे पर्याय, पाहावेत. नकाराचे कारण सांगणारी ‘ऑडिट-टू-व्हाय’ ही कमांड अनेकदा एकाच नकारासाठी दोन-तीन बूलियन सुचवते; त्यांतला सर्वांत अरुंद निवडावा. वेब अनुप्रयोगाला केवळ डेटाबेसशी बोलायचे असेल, तर ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी’ पुरतो. शेवटचे ‘डीबी’ नसलेला बूलियन चालू केला, तर वेब सर्व्हरला कोणत्याही टीसीपी पोर्टशी जोडणी करण्याची मोकळीक मिळते. ‘सेटसेबूल’ला मोठा ‘पी’ दिला नाही, तर बदल यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो.

४. स्वतःचा नियम लिहिणे

वरचे तिन्ही मार्ग खुंटले तरच ‘ऑडिट-टू-अलाऊ’कडे जावे. ही कमांड नोंदीतील नकारांचे परवानगीत रूपांतर करते आणि त्यांचे मॉड्यूल, म्हणजे धोरणाला जोडायचा नियमांचा तुकडा, बनवते. ती परवानगी द्यावी की नाही, हे तिला कळत नाही. लेबल चुकले असताना ती चालवली, तर वेब सर्व्हरला ‘डिफॉल्ट_टी’ लेबलाची प्रत्येक फाईल वाचू देणारा नियम तयार होतो आणि एका डिरेक्टरीपायी बरेच काही उघडे पडते. म्हणून मॉड्यूलसोबत तयार होणारी ‘टीई’ फाईल, म्हणजे नियमांचा मूळ मजकूर, उघडून प्रत्येक ओळ वाचावी, नको ते काढावे आणि मगच मॉड्यूल पुन्हा बांधून बसवावे.

मॉड्यूलला ‘अपाचे’ यासारखे वितरणात आधीच असलेले नाव कधीही देऊ नये. वितरणाची मॉड्यूल सहसा १०० या प्राधान्याने बसतात आणि हाताने बसवलेली ४०० ने, त्यामुळे त्याच नावाचे तुमचे चार ओळींचे मॉड्यूल मूळ मॉड्यूलच्या जागी धरले जाते. नशीब चांगले असेल तर बांधणीच त्रुटी देऊन थांबते. नावाआधी संस्थेचा संक्षेप लावला की हा प्रश्न उरत नाही.

५. बदलांची नोंद आणि अद्ययावत धोरण

‘सेमॅनेज एक्सपोर्ट’ने लेबले, पोर्ट आणि बूलियन यांतील स्थानिक बदल एका फाईलमध्ये निघतात. ती फाईल आणि सर्व ‘टीई’ फाईली गिट या आवृत्ती-नियंत्रण व्यवस्थेत ठेवाव्यात आणि प्रत्येक नियमाशेजारी तो कोणत्या सेवेसाठी, कोणत्या नकारामुळे घातला, ते लिहावे. वितरणाची मोठी आवृत्ती बदलल्यावर ही यादी पुन्हा वाचावी. अनेक नियम तोवर मूळ धोरणातच आलेले असतात आणि ते स्थानिक यादीतून काढता येतात.

६. घरच्या सेवेला बंदिस्त करणे

स्वतः लिहिलेली सेवा सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेने सुरू केल्यास ती बहुधा ‘अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी’ या लेबलाखाली चालते, म्हणजे तिच्यावर जवळजवळ काहीच बंधन नसते. ‘सेपॉलिसी जनरेट’ला ‘इनिट’ पर्याय आणि प्रोग्रामचा मार्ग दिला, की धोरणाचा कच्चा आराखडा मिळतो. त्यात केवळ त्या एका सेवेचे डोमेन (तिच्या प्रक्रियेचे लेबल) परमिसिव्ह ठेवलेले असते, त्यामुळे बाकीचे यंत्र एन्फोर्सिंगमध्येच राहते. सिस्टमडीला सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या युनिट फाईलमध्ये ‘नो-न्यू-प्रिव्हिलेजेस’ (नवे अधिकार मिळू न देणारी सेटिंग) चालू असेल, तर धोरणात वेगळी परवानगी दिल्याशिवाय सेवा नव्या डोमेनमध्ये जातच नाही. त्यामुळे ‘पीएस’ला मोठा ‘झेड’ देऊन प्रक्रियेचे लेबल खरोखर बदलले का, ते आधी तपासावे. त्यानंतर सेवेचे पूर्ण चक्र, म्हणजे लॉग फिरवणे, बॅकअप, सेटिंग पुन्हा वाचणे आणि बंद होऊन सुरू होणे, एकदा तरी घडू द्यावे आणि साचलेले नकार वरच्याच क्रमाने निकालात काढावेत. शेवटी ‘टीई’ फाईलमधील ‘परमिसिव्ह’ची ओळ काढून मॉड्यूल पुन्हा बसवावे आणि ‘सेमॅनेज परमिसिव्ह’च्या यादीत ते डोमेन उरले नाही ना, हे पाहावे, ती ओळ राहिली तर सेवेचे लेबल बदललेले दिसते, पण तिला अडवले मात्र कुठेच जात नाही.