९८० जुळवू नका: फर्स्ट इयर फिजिक्स प्रॅक्टिकलमधल्या या चुका टाळा

साध्या दोलकाच्या प्रयोगात g ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत अपेक्षित ९८० ऐवजी १०८५ सेमी/से² आली की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे रबर शोधणे. तसे करू नका. चुकीच्या उत्तरातच चूक कुठे झाली याचा पत्ता असतो. तो खोडला की सगळा प्रयोग पहिल्यापासून करावा लागतो.

१०८५ चेच बघा. गोळा मध्यबिंदूतून जाताना स्टॉपवॉच सुरू करताना तोंडाने ‘एक’ म्हटले की २० मोजूनही प्रत्यक्षात १९ च आंदोलने होतात. १ मीटर लांबीला २० आंदोलनांचे सुमारे ४० सेकंद यायला हवेत, ते ३८ येतात. g काढताना काळाचा वर्ग होतो, म्हणून उत्तर जवळपास ११ टक्के फुगते. मोजणी ‘शून्य’ म्हणून सुरू करा.

g लांबीबरोबर हळूहळू वाढताना दिसला तर तुम्ही फक्त दोऱ्याची लांबी घेतली आहे, गोळ्याची त्रिज्या मिळवलेली नाही. १ सेमी त्रिज्येने ५० सेमीला २ टक्के आणि १०० सेमीला १ टक्का फरक पडतो. गंमत म्हणजे T² (आवर्तकाळाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग) विरुद्ध लांबीचा ग्राफ काढला तर रेषा आरंभबिंदूतून जात नाही, पण चढ तोच राहतो आणि g बरोबर येतो. चढ काढताना बिंदू रेषेवरचे घ्या, एकमेकांपासून लांबचे. तक्त्यातली रीडिंग घेतली तर रेषा काढून उपयोग काय? गोळा ३० अंशांपर्यंत ओढून सोडला तर आवर्तकाळ दीड टक्क्याहून जास्त वाढतो. ५ अंश पुरेत.

तारेची जाडी मोजायच्या स्क्रू गेजमध्ये गोंधळ शून्य त्रुटीच्या चिन्हाचा. जबडे मिटल्यावर १०० भागांच्या वर्तुळाकार मापपट्टीवर ९७ दिसले तर त्रुटी −३ भाग, म्हणजे ०.०१ मिमी लघुतम मापाला (एका भागाच्या किमतीला) −०.०३ मिमी. ती चिन्हासकट वजा करायची, म्हणजे रीडिंग ०.०३ ने वाढते. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेत हे विसरलात तर क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के चुकते. स्क्रू रॅचेटनेच, म्हणजे टोकाच्या टकटक करणाऱ्या बटणानेच, फिरवा, नाहीतर तार दबते.

स्पेक्ट्रोमीटरवर कोन वाचताना मुख्य पट्टीवरचा अर्धा अंश, म्हणजे ३० मिनिटे, हमखास सुटतो.

रेझिस्टन्स मोजायच्या मीटर ब्रिजमध्ये जॉकी (तारेवर टेकवायची पिन) तारेच्या दोन्ही टोकांना टेकवून बघा. गॅल्व्हानोमीटरचा काटा दोन्हीकडे एकाच बाजूला गेला तर एखाद्या गॅपचे कनेक्शन सुटले आहे किंवा रेझिस्टन्स बॉक्सची किल्ली सैल आहे. काटा हललाच नाही तर आधी सेल आणि प्लग की तपासा. शून्यबिंदू, म्हणजे काटा शून्यावर येतो ती जागा, ४० ते ६० सेमीच्या दरम्यान येईल असा रेझिस्टन्स निवडा. जॉकी तारेवर घासत नेऊ नका, तार झिजते आणि जाडी सगळीकडे सारखी राहत नाही.

रीडिंग पेनाने, थेट वहीत. चुकले तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. कॅल्क्युलेटरचे ९७८.४३६२१ तसेच उतरवू नका. स्टॉपवॉच आणि मीटरपट्टीला एवढे कळत नाही. ९७८ लिहा, एकक लिहा, आणि टेबल आवरण्याआधी सरांची किंवा मॅडमची सही घ्या.