चेंडूवरची नजर काढा: अमेरिकन फुटबॉल संघाची खरी ताकद लाइनमध्ये कशी बघायची

अमेरिकन फुटबॉलमध्ये कुठला गट सगळ्यात महत्त्वाचा, असं विचारलं की बहुतेक जण क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास फेकणाऱ्या सूत्रधाराचं, नाव घेतात. पण क्वार्टरबॅक हा एकटा माणूस. गट म्हणून विचारलंत तर आमचं उत्तर ठाम आहे: ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे चढाई करणाऱ्या संघाची समोरच्यांना अडवणारी पुढची रांग. चेंडू फेकायचा असो की घेऊन पळायचा असो, प्रत्येक प्लेचे, म्हणजे प्रत्येक खेळीचे, पहिले दोन-अडीच सेकंद या पाच जणांच्या ताब्यात असतात. ते हरले तर मागे कितीही गुणी खेळाडू उभे असोत, खेळ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. हे आमच्या शब्दावर मानू नका, पडताळून बघा. रेकॉर्ड केलेल्या एका सामन्याचा पूर्वार्ध, स्टॉपवॉच आणि एक कागद एवढं पुरतं.

आधी पाच जण ओळखा

मधला सेंटर; चेंडू मागे देतो (त्यालाच स्नॅप म्हणतात) तो हाच. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. डावं-उजवं नेहमी त्यांच्या बाजूने मोजायचं. 'टॅकल' हा शब्द दोन अर्थांनी येतो, त्यात गोंधळू नका: चेंडूवाल्याला पाडणं म्हणजेही टॅकल आणि लाइनच्या कडेची ही जागाही टॅकलच. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये या पाच जणांच्या जर्सीवर 50 ते 79 मधले आकडे असतात आणि एरवी त्यांना पुढे फेकलेला पास झेलता येत नाही. पंच माइकवरून अमुक नंबरचा खेळाडू पास घेऊ शकतो असं जाहीर करतात, तेव्हा बहुधा सहावा लाइनमन मैदानात आलेला असतो. त्या प्लेपुढे कागदावर खूण करा, कारण तिथलं गणित वेगळं असतं.

प्रत्येक प्ले दोनदा बघा

पहिल्यांदा फक्त लाइन, दुसऱ्यांदा चेंडू. पहिली काही मिनिटं डोळे आपोआप चेंडूमागे पळतील. त्यावर उपाय असा की पहिल्या पाच प्लेमध्ये फक्त डाव्या टॅकलकडे बघायचं, पुढच्या पाचमध्ये सेंटर आणि दोन गार्डांकडे, मग उजव्या टॅकलकडे. त्यानंतर पाचही जण एकत्र दिसू लागतात. टीव्हीचा नेहमीचा कॅमेरा रिसीव्हरना, म्हणजे पास झेलायला धावणाऱ्यांना, लगेच चौकटीबाहेर सोडतो, पण चेंडू हातातून सुटेपर्यंत लाइन मात्र चौकटीत राहते. गोलखांबांमागून घेतलेलं चित्रण मिळालं तर फारच उत्तम. त्यात दोन खेळाडूंमधली फट स्पष्ट दिसते.

कागदावर पाच रकाने आखा: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि किती यार्ड हवेत, डिफेन्सचे, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाचे, किती जण चाल करून आले, स्नॅपपासून पास सुटेपर्यंत किती वेळ गेला, लाइनमधला कोण आधी हरला, त्याच्या मदतीला कोणी होतं का. पूर्वार्धात एका संघाचे साधारण तीस प्ले मिळतात. निष्कर्षापर्यंत यायला तेवढे पुरे आहेत, दहा मात्र कमी पडतात.

टॅकलचे पाय बघा, हात नंतर

पास असेल तर डावा टॅकल स्नॅपबरोबर बाहेरचा पाय मागे टाकतो आणि आतल्या पायाने जमीन ढकलत तिरका मागे सरकतो. पाय एकमेकांना ओलांडता कामा नयेत. ओलांडले तर त्या क्षणी तो एका पायावर असतो आणि हलक्या धक्क्यानेही कलतो. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, कोपरं बरगड्यांशी आणि तळवे समोरच्याच्या छातीवर. समोरचा रशर, म्हणजे चाल करून येणारा डिफेन्सचा खेळाडू, कडेने वळसा घेऊन येतो. त्याचं लक्ष्य लाइनच्या मागे सात-आठ यार्डांवर उभा असलेला क्वार्टरबॅक. टॅकलने त्याला जागेवर थांबवलंच पाहिजे असं नाही. वळसा लांबवून त्याला क्वार्टरबॅकच्या पाठीमागून पुढे काढून दिलं तरी काम झालं.

चुका बहुतेक दोनच असतात. पहिली, टॅकल कमरेत वाकून हातांनी झेप घेतो. रशर तेच हात धरून त्याला पुढे ओढतो आणि बाजूने निघून जातो. दुसरी, कडेच्या वेगाला घाबरून टॅकल आधीच बाहेर वळतो आणि आतली वाट मोकळी सोडतो. दुसरी चूक जास्त महाग, कारण आतली वाट सगळ्यात जवळची.

गार्ड आणि सेंटर यांच्याकडे बघताना रशर अदलाबदल करतात का ते शोधा. कडेचा रशर एकदम आत घुसून गार्डला अडवतो आणि आतला त्याच्या मागून वळसा घालून बाहेर येतो. आता गार्डने आपला माणूस टॅकलकडे सोपवायचा आणि टॅकलने आपला गार्डकडे. दोघे सारख्याच अंतरावर मागे असतील तर ही देवाणघेवाण होते. एक जण हातभर पुढे असला की दोघांचे खांदे एकमेकांवर आदळतात आणि मधून एक रशर मोकळा सुटतो. हे काम ताकदीने होत नाही. शेजारी किती दिवस एकत्र खेळले आहेत त्यावर ते ठरतं. आमच्या मते लाइन पारखायची सगळ्यात खरी कसोटी हीच.

दोष कोणाचा, ते ठरवा

प्रत्येक सॅक, म्हणजे पास सुटण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं, लाइनच्या नावावर टाकू नका. स्टॉपवॉच अडीच सेकंदांच्या आत थांबलं आणि तरी क्वार्टरबॅक पडला, तर लाइन हरली. तीन सेकंदांच्या पुढे गेलं तर त्याने चेंडू फार वेळ धरला, किंवा रिसीव्हर मोकळे झाले नाहीत. तो दहा यार्डांपेक्षा मागे गेला असेल तरी दोष त्याचाच, कारण मग कडेच्या रशरला वळसा आयता मिळतो. सहा जण आले आणि अडवायला पाचच होते, तर सहाव्याला चुकवून पास लगेच सोडणं क्वार्टरबॅकचं काम. आलेला लाइनबॅकर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला) रनिंग बॅकच्या, म्हणजे एरवी चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, हातून सुटला तर चूक बॅकची. लाइनचा निखळ पराभव म्हणजे चारच जण आले, अडवायला पाच होते, आणि तरीही पॉकेट, म्हणजे क्वार्टरबॅकभोवती लाइनने राखलेली जागा, कोसळलं. अशा प्लेला गोल करा. 9 फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फिया ईगल्सने एकदाही ब्लिट्झ न करता (चारहून जास्त जण न पाठवता) कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला 6 वेळा पाडलं आणि 40-22 असा सामना जिंकला.

धावेच्या प्लेमध्ये घड्याळ बाजूला ठेवा. चेंडूवाल्याला पहिला स्पर्श कुठे झाला, तेवढंच लिहा. लाइनच्या मागे झाला तर लाइन हरली. तीन यार्ड पुढे गेल्यावर झाला तर ते तीन यार्ड लाइनने दिलेले. रनिंग बॅक डेमार्को मरेने 2014 मध्ये डॅलस काउबॉइजकडून धावून 1,845 यार्ड काढले. टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन हे ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत निवडलेले तिघे त्या लाइनमध्ये होते. पुढच्या वर्षी मरे ईगल्सकडे गेला आणि 702 यार्डांवर अडकला. डॅलसमध्ये त्याच लाइनमागे डॅरेन मॅकफॅडनने 1,089 काढले आणि 2016 मध्ये नवख्या इझेकिएल एलियटने 1,631.

पाचातला सगळ्यात कच्चा शोधा

आता चौथ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव बघा. समजा पाचही जण आपापली झुंज शंभरात 95 वेळा जिंकतात. पाचही एकाच वेळी जिंकण्याची शक्यता मग सुमारे 77 टक्के होते, म्हणजे 40 पास-प्लेमध्ये 9 वेळा कुठेतरी भगदाड पडतं. एकाला 80 वर आणा, शक्यता 65 टक्क्यांवर उतरते आणि भगदाडं 14 होतात. उलट एकाला 95 वरून 99 वर नेलं, तर जेमतेम एक भगदाड कमी होतं. हिशोब ढोबळ आहे, पण कल बरोबर सांगतो. म्हणून लाइनमध्ये एक रत्न आणण्यापेक्षा कच्चा दुवा बदलण्यात जास्त फायदा असतो. क्लीव्हलँड ब्राउन्सचा जो थॉमस 2007 पासून सलग 10,363 स्नॅप खेळला, त्याच्या काळातल्या सर्वोत्तम टॅकलमध्ये गणला गेला, पण त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत संघ एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, पोचला नाही.

भगदाड पडलं की काय होतं ते 7 फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये बघा. कॅन्सस सिटी चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीने बाहेर होते. माहोम्स जीव खाऊन मागे आणि आडवा पळत राहिला, चीफ्सला एकही टचडाउन मिळालं नाही आणि टँपा बेने 31-9 अशी मात दिली. त्यानंतर संघाने लाइनच नव्याने बांधली: टॅकल ऑर्लँडो ब्राउन आणि गार्ड जो थुनी बाहेरून आणले, सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत आणि गार्ड ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत निवडला. फेब्रुवारी 2023 मध्ये समोर ईगल्स होते, त्या साखळी मोसमात 70 सॅक केलेले. चीफ्स 38-35 जिंकले आणि माहोम्स एकदाही सॅक झाला नाही.

उलट पुरावाही वाचून ठेवा. जानेवारी 2022 मध्ये सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो टेनेसीविरुद्ध 9 वेळा सॅक झाला, तरी संघ 19-16 जिंकला. तीन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये तो 7 वेळा पडला आणि 23-20 हरला. विलक्षण क्वार्टरबॅक कच्ची लाइन बराच काळ झाकू शकतो, हे मान्य करावंच लागतं. डिफेन्सिव्ह लाइन हा दुसरा महत्त्वाचा गट, कारण झुंज तीच, फक्त पलीकडची बाजू. रिसीव्हर आणि मागची डिफेन्स फळी यांचं यश पॉकेट किती टिकतं यावर बरंचसं टांगलेलं असतं. किक मारणारा गट एखादा सामना फिरवतो, मोसम क्वचितच.

पुढच्या सामन्याआधी

दुखापतींची यादी लाइनपासून वाचा. एनएफएलमध्ये 2020 पासून नियमच असा आहे की सामन्याला 48 जण उतरवायचे असतील तर त्यात किमान 8 ऑफेन्सिव्ह लाइनमन हवेत, नाहीतर 47 वर थांबायचं. म्हणजे राखीव साधारण तिघेच, आणि त्यातल्या एकाला सेंटर खेळता आलं पाहिजे. सेंटर बदलला असेल तर पहिले स्नॅप जपून बघा, कारण कोणी कोणाला अडवायचं याची हाक बहुधा तोच देतो. फेब्रुवारी 2014 च्या सुपर बोलमध्ये तर डेन्व्हरच्या नेहमीच्या सेंटरनेही गोंगाटात पहिलाच स्नॅप वेळेआधी सोडला. चेंडू क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या डोक्यावरून मागे गेला आणि बाराव्या सेकंदाला सिअॅटलला दोन गुण मिळाले.

राखीव टॅकल मैदानात आला की पुढचे पाच-सहा पास-प्ले त्याच्या बाजूला बघा. टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो का? रनिंग बॅक बाहेर पडता पडता त्या कडेच्या रशरला खांदा देऊन जातो का? तसं होत असेल तर पास घ्यायला धावणारा एक माणूस कमी झाला किंवा उशिरा निघाला, आणि डिफेन्सला मागे तेवढी मोकळीक मिळाली. तसं होत नसेल आणि टॅकलही हरत असेल, तर त्या बाजूने सॅक येणार हे तुम्हाला समालोचकाच्या आधी कळेल.